‘काही वाटलं तर फोन कर’ एवढ्यावर थांबू नका

ताई,
आमच्या गावात दिवाळीच्या आधीपासून चिकनगुनियाची साथ आहे. घरटी एक तरी माणूस पडून आहे. ताप चार दिवसांत उतरतो, पण सांधे धरून बसतात. कांदालागवड तोंडावर आली आणि बायांना मुठीत खुरपं धरवत नाही. मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझे मालक कोरोनानं गेले. त्याच महिन्यात गटातल्या आणखी एकीचे गेले. तिचं नाव बदलून सुमन लिहिते. वय ३८, दोन मुलं, मजुरी आणि शिलाईवर घर चालवते. या तापानंतर दोन महिने झाले, तिची बोटं मिटत नाहीत, सुई धरता येत नाही. फायनान्सची दोन कर्जं आहेत. गेल्या बुधवारी ती बैठकीला आली नाही म्हणून मी घरी गेले, तर तिनं गटाचं पासबुक माझ्या हातात दिलं. म्हणाली, “राहू दे तुझ्याकडं, माझं आता काय राहिलंय. पोरं मामाकडं राहतील.” शिलाई मशीन तिनं पुतणीला देऊन टाकलंय. मला रात्रभर झोप नाही. माझ्या जाऊबाई म्हणतात, तिला असलं काही विचारू नको, नसलेलं डोक्यात भरशील. दोन वर्षांपूर्वी गावात एका घरी तसं घडलं होतं, पोलीस आले होते, त्यामुळं सगळेच घाबरतात. आम्ही गटात ११ जणी आहोत. आमच्यानं काही होण्यासारखं आहे, की हे डॉक्टरांचंच काम?
– एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

ताई,

पत्राखाली तुम्ही फोन नंबर लिहिलात हे फार बरं केलंत. पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी आपण बोललो. असल्या पत्राला सदर छापून येईपर्यंत थांबायचं नसतं. त्या दिवशी घाईत जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे, तुमच्या आणि सुमनच्या संमतीनं, ओळखीच्या खुणा बदलून. कारण ही साथ काही एकाच गावात नाही, आणि पासबुक परत करणारी बाईही एकटी सुमनच नसेल.

हे वाचताना कुणाच्या स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. टेली मानस ही सरकारची सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लावायला हात उठत नसेल तर घरात, शेजारी जो कोणी असेल त्याला एवढंच म्हणा, “माझ्याजवळ बस.” बाकीचं त्याला नंतर सांगता येईल.

आता सुमनकडे वळते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही मधल्याच एका ओळीत लिहून टाकलीत, ती म्हणजे पासबुक. गटातली बाई पासबुक सहसा कुणाच्या हाती देत नाही. ते पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली असतं. पोराच्या फीसाठी, अडीनडीला साठवलेले चार पैसे त्यात असतात. ते जी आपणहून काढून देते, पोट भरायचं मशीन देऊन टाकते आणि पोरं कुठं राहतील हेही न विचारता सांगते, ती मनातल्या मनात आवराआवर करत असते. दरवेळी ही खूण इतकी ठळक नसते. कुणी “मी सगळ्यांना ओझं झालोय” असं म्हणायला लागतं. कुणी पिणं वाढवतं, कुणाची झोप जाते, कुणी ज्याच्याशी भांडण होतं त्याच्या घरी जाऊन उगाच माफी मागून येतं. आठवडेच्या आठवडे खचलेला माणूस एका सकाळी एकदम शांत दिसला तर घरचे म्हणतात, चला, सावरला. त्या दिवशी तर जास्तच जवळ राहायचं. पूर्वी कधी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल, तर धोका कितीतरी वाढतो.

तुम्ही ते पासबुक हातात घेतलंत आणि तुमच्या पोटात गोळा आला. त्यावर विश्वास ठेवलात, पत्र लिहिलंत. पुष्कळ जणांना तो गोळा येतो आणि ‘आपल्याला काय कळतंय’ म्हणून ते गिळून टाकतात.

जाऊबाईंचं म्हणणं तुमच्या गावापुरतं नाही, शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही मी तेच ऐकते: विचारलं तर डोक्यात भरेल. ते खरं नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत. विचारल्यामुळं हे विचार वाढत नाहीत, उलट पुष्कळांना हायसं वाटतं, असंच पुन्हा पुन्हा दिसून आलं. ज्याच्या डोक्यात ते चाललंय त्याच्या डोक्यात ते तुमच्या आधीपासून आहे. तो ते एकटा वाहतोय, एवढंच. विचारल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की हे कुणापुढं तरी बोलता येतं.

मात्र कसं विचारायचं याला फार महत्त्व आहे. आपल्याकडं हा प्रश्न विचारायची एक ठरलेली रीत आहे: “तू असलं काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?” या वाक्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरच्या बाईला “नाही गं” म्हणण्यावाचून गत्यंतरच उरत नाही, कारण “हो” म्हटलं तर ती वेडी ठरते. विचारणाऱ्याला हवं ते उत्तर मिळतं, तो सुटकेचा श्वास टाकतो आणि दार बंद होतं. असं विचारू नका.

सुमनकडं जाल तेव्हा समोरासमोर खुर्ची मांडून बसू नका. मेथीची जुडी घेऊन जा. हातात काम असलं की नजर चुकवता येते, आणि नजर चुकवता आली की बोलता येतं. तिची बोटं चालत नसतील तर तुम्ही निवडा, ती बोलेल. जे डोळ्यांनी पाहिलं तिथून सुरू करा: “सुमन, मशीन देऊन टाकलंस, पासबुक माझ्याकडं दिलंस. मला काळजी वाटतेय. इतकं सोसल्यावर माणसाला कधी कधी जगणं नको होतं. तुझ्या मनात जीव संपवायचा विचार येतो का?”

फोनवर हे वाक्य मी तुमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पहिल्या वेळी ‘जीव’ शब्दापाशी तुमचा आवाज अडकला. म्हणूनच म्हणवून घेतलं. तो आवाज माझ्यापाशी अडकलेला बरा, तिच्यापाशी अडकला तर तीच घाबरून तुम्हाला धीर द्यायला लागेल.

विचारून झालं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. समोरचा गप्प झाला की आपल्याला ती जागा भरून काढायची सवय असते, आणि आपण भरतो काय? “पोरांकडं बघ.” “तुझ्यापेक्षा वाईट हाल असलेल्यांकडं बघ.” “देव सगळं बघतोय.” पोरांकडं तर ती बघतेच आहे. आपण त्यांचं काही करू शकत नाही, आपल्यावाचून ती सुखात राहतील, असं तिला वाटतंय, तेच तर दुखणं आहे. त्यावर पोरांचं नाव काढणं म्हणजे तिच्या अपराधीपणात भर घालणं. त्याऐवजी “मग?” म्हणा. “कधीपासून असं वाटतंय?” म्हणा. “बरं झालं सांगितलंस” हे तर जरूर म्हणा.

ती म्हणेल, कुणाला सांगू नको, शपथ घे. ती शपथ घेऊ नका. “गावभर करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगीन, आणि तुला सांगूनच सांगीन,” असं म्हणा.

तिनं “हो” म्हटलं तर पुढचा प्रश्न: कधी, कसं, काही ठरवलंय का? हेही विचारायचं. ठरलेलं असेल, तसं साधन घरात असेल, तर तो क्षण तातडीचा आहे. तिला एकटीला सोडून मदत आणायला जाऊ नका; तुम्ही तिथंच थांबा, दुसऱ्या कुणाला तरी धाडा. शेतीची औषधं, साठवलेल्या गोळ्या, जे काही धोक्याचं असेल ते त्याच दिवशी घराबाहेर काढून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. जीव नकोसा होण्याची ती तीव्र लाट पुष्कळदा काही वेळानं ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं आणि शेजारी कोणीतरी असणं यावर जीव तरतो. तिच्या शेजारी बसूनच १४४१६ लावा, स्पीकरवर. धोका अगदी समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथूनच चालतो. पण “जिल्ह्याला जाऊन ये” असं म्हणणं म्हणजे मदत नव्हे. एसटीत तिच्याबरोबर कोण बसेल, पोरांना दुपारी कोण जेवू घालेल, बुडालेल्या रोजाचं काय, हे ठरलं तरच ती जाते. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात “काही फरक नाही” म्हणून बायका त्या बंद करतात. हे तिला आधीच सांगून ठेवायला हवं.

आता एक गोष्ट सांगते, ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. २०२१ मध्ये मी एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. दुसरी लाट ओसरत आली होती. जूनमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ बायकोचे कागद न्यायला आले. अंगावर इस्त्री केलेला शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. मृत्यूच्या दाखल्यावर नाव बरोबर आहे का ते त्यांनी दोनदा तपासून पाहिलं. मी पाणी दिलं, त्यांनी ग्लास विसळून परत ठेवला. मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले, “काही वाटलं तर फोन करा, कधीही.” त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, नमस्कार केला. फोन आला नाही. ऑगस्टमध्ये त्यांचे भाऊ आले तेव्हा कळलं, ते गेले, स्वतःहून. चिठ्ठी त्याच शर्टाच्या खिशात होती.

त्यांना नंबर कमी पडला नव्हता. बुडणाऱ्या माणसाला मी काठावरून सांगत होते, गरज लागली तर पोहत माझ्याकडं ये. त्यांचा नंबर माझ्या टेबलावरच्या रजिस्टरात होता. मी फोन करायला हवा होता. पुढच्या सोमवारी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. ‘काही वाटलं तर फोन करा’ हे वाक्य त्यानंतर मी वापरत नाही. “सोमवारी अकरा वाजता मी फोन करते,” असं म्हणते, आणि करते.

यात नुसती माझी हळहळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक मोठा अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नईही होतं. जीव द्यायचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेली १,८६७ माणसं त्यात होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी तासभर नीट बोलणं झालं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा आरोग्य कर्मचाऱ्यानं आपणहून फोन केला किंवा घरी जाऊन भेट घेतली. एवढंच. २००८ मध्ये त्याचे आकडे आले. नेहमीचे उपचार झालेल्यांत आत्महत्येनं गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, आणि ज्यांच्याकडं कोणीतरी परत परत गेलं त्यांच्यात ०.२ टक्के. परत जाणं हेच तिथलं औषध होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: डॉक्टरांचं काम डॉक्टरांनाच करू द्या, पण हे परत जाण्याचं काम तुम्हा अकरा जणींइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. डॉक्टरकडं सुमन महिन्यातून एकदा जाईल, तीही गेली तर. तुम्ही दर बुधवारी भेटता. बैठकीला कोण आलं नाही ते तुमच्या दप्तरात लिहिलेलं असतं! बचत गटांसाठीच्या सरकारी ‘उमेद’ अभियानाची दशसूत्री, म्हणजे गट चालवायचे दहा नियम, तुम्हाला पाठ असेल. पहिली पाच सूत्रं बैठक, बचत, कर्ज, परतफेड, दप्तर यांची. त्यांच्यापुढं आरोग्य येतं. मन त्यात धरायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे.

हे गावातल्या साध्या माणसांनी करून दाखवलंय. विदर्भातल्या ३० गावांत गोव्याच्या संगाथ संस्थेनं स्थानिक संस्थांबरोबर असा कार्यक्रम चालवला. गावातल्याच माणसांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन उदासपणाबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज पडेल तिथं समुपदेशक, त्यापुढं डॉक्टर. आधी तिथं नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांना कसली तरी मदत मिळत होती. दीड वर्षानं ते सत्तावीसवर गेलं. वर्षभरात जीव संपवायचे विचार मनात आले असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ नावाचं असंच काम पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं केलं, पुढं ते गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात पसरलं.

आणि आफ्रिकेत, झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथं, डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी तर आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक टाकला, त्यावर वस्तीतली आजी बसते, दुसऱ्या टोकाला दुःखी माणूस. तिथं ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत, ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. त्याचा अर्थ अति विचार करणं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याकडंही कुणी नैराश्य म्हणत नाही. “लई इचार करती ती” असंच म्हणतात. सुमनबद्दल तुमच्या गावात हेच म्हणत असतील.

चिकनगुनियाबद्दल थोडं. हा आजार क्वचितच जीव घेतो, म्हणून सरकारदरबारी त्याची गणना किरकोळीत होते. पण सांधे काहींचे आठवडे, काहींचे महिनेच्या महिने दुखतात. हातावर पोट असलेल्याचे हातच जातात. रात्री कूस बदलताना जाग, सकाळी उठल्यावर बोटं ताठ, घरात “दोन महिने झाले, अजून काय दुखतंय?” असे टोमणे. सततचं दुखणं, न लागलेली झोप आणि बंद झालेली कमाई, या तिघांनी मन खचतं. तेव्हा सुमनला हे सांगा की हे नाटक नाही, आळस नाही, आणि बहुतेकांचे सांधे हळूहळू सुटतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात भसाभस इंजेक्शनं घेण्याऐवजी आशाताईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दुखण्याचं औषध नीट चालू करून घ्या. दुखणं निम्म्यानं कमी झालं आणि झोप लागली तरी पुष्कळ अंधार कमी होतो.

आणि फायनान्सवाले. पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे, पण मला वाटतं सुमनच्या छातीवरचा सगळ्यात जड दगड तोच असावा. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे मायक्रोफायनान्सचे नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. सारखे फोन करून छळायचं नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची; तिथं कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी यायची मुभा. त्या माणसापुढं सुमन एकटी उभी राहिली तर मान खाली घालेल. अकरा जणी उभ्या राहिल्या, आजारपणाचा कागद दाखवला आणि हप्ता पुढं ढकलायचा अर्ज लेखी दिला, तर बोलण्याचा सूरच बदलतो. तुमच्या अंतर्गत कर्जाचा तिचा हप्ता तरी ठराव करून दोन-तीन महिने थांबवा. संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार तिला मिळतात का, तेही पाहा. कागद अपुरे म्हणून अर्ज कुठंतरी पडून असतो आणि बाई कंटाळून पाठपुरावा सोडते, असं मी फार पाहिलंय.

तुमच्या साथीत सुमन एकटी नसणार, म्हणून गटात बसून मनातल्या मनात गाव फिरा. कोण पंधरा दिवसांहून जास्त पडून आहे? कोरोनात कुणाच्या घरचं माणूस गेलं? कोण एकटं राहतं, कुणाचं पिणं वाढलंय, कुणाकडं वसुलीवाले रोज येतात? ही यादी वहीत लिहू नका, फळ्यावर तर नाहीच. नावं दोघीदोघींनी वाटून घ्या आणि आठवड्यातून एकदा जा. जाताना काही न्यावं लागत नाही, पण भाजीची वाटी नेली तर दारात उभं राहायला कारण मिळतं. निघताना “पुढच्या शनिवारी येते” असं म्हणा, आणि शनिवारी जा. गेला नाहीत तर एकवेळ मुळीच न गेलेलं बरं होतं.

पुरुषांचं मात्र तुमच्या गटाच्या आवाक्यात येत नाही, आणि जीव जातात ते जास्त त्यांचेच. २०२१ साली देशात नोंद झालेल्या १,६४,०३३ आत्महत्यांत दर चारांतला एक माणूस रोजंदारीवरचा होता. महाराष्ट्रात त्या वर्षी २२,२०७, देशात सर्वांत जास्त. पुरुष गटात बसत नाही, रडत नाही, “बरंय” म्हणतो. मग त्याला रोज बघतो कोण? दूध संकलन केंद्रावरचा मुलगा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चरवी घेऊन येणारा माणूस दोन दिवस आला नाही, किंवा एकाएकी म्हैस विकून मोकळा झाला, हे त्या मुलाला सगळ्यांच्या आधी कळतं. सलूनवाल्याला कळतं, हरिपाठाला शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्याला कळतं. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे कळणं उपयोगाचं आहे. सरपंचांना किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या डॉक्टरांना गळ घाला, अशा पाच-सहा जणांना एकदा चहाला बोलवून हेच समजवा: दिसलं की विचारायचं, आणि कुणाकडं न्यायचं.

ही साथ थंडीत ओसरेल. डास कमी होतील, फवारणीवाले यायचे थांबतील, पेपरातून बातमी जाईल. तेव्हा थांबू नका. संकट भर रंगात असताना माणसं एकमेकांना धरून असतात. हात सुटतात ते नंतर. जपानमध्ये कोरोनाच्या पहिल्या पाच महिन्यांत आत्महत्या १४ टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि जुलै ते ऑक्टोबर २०२० मध्ये १६ टक्क्यांनी वाढल्या, बायकांमध्ये तर ३७ टक्क्यांनी. आपल्याकडंही मे २०२१ मध्ये डबे आले, धान्याची किटं आली, मग ५० हजारांची मदत आली. त्यानंतर त्या दारांवरून कोण गेलं? ते गृहस्थ माझ्याकडून गेले तेही लाट ओसरल्यावरच.

पोलिसांची भीतीही मनातून काढा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात तर जीव द्यायच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही. सुमननं कुणापुढं “हो” म्हटलं तर तिच्यावर कसलीही केस होत नाही. ज्या घरी दोन वर्षांपूर्वी तसं घडलं, त्या घरीही एकदा जा. त्यांच्याकडं कोणी जात नसेल. पोलिसांपेक्षा त्याचाच त्रास त्यांना जास्त झाला असेल.

आपण फोन ठेवल्यावर तुम्ही त्याच रात्री मेथी घेऊन गेलात. ती “हो” म्हणाली, तुम्ही तिथंच झोपलात, सकाळी गटातल्या दोघी तिला जिल्ह्याला घेऊन गेल्या, हे तुम्ही नंतर कळवलंत. पासबुक तुम्ही तिला परत द्यायला गेलात तेव्हा तिनं घेतलं नाही. घाई करू नका, तुमच्यापाशी राहू दे. दर बुधवारी बैठकीत तिच्यासमोर उघडा, तिची बचत भरा, आकडा वाचून दाखवा. ती मागेल तेव्हा द्या.

आणि तुमच्याबद्दल. पत्रात तुमच्या मालकांवर एक ओळ आहे, पुढं सगळं सुमनचं. “मला रात्रभर झोप नाही” हे तुम्ही तिच्या काळजीनं लिहिलंत, पण फोनवर बोलता बोलता म्हणालात की झोप २०२१ पासूनच नाही. त्याच महिन्यात, त्याच आजारात तुमचंही घर रिकामं झालं आणि तुम्ही लगेच अध्यक्ष म्हणून उभ्या राहिलात. तुमच्याकडं कोण येतं? तुमचं नाव गटात दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्या, आणि ती येईल तेव्हा “मी बरी आहे” म्हणून चहा करायला उठू नका.

येत्या गुरुवारी रात्री आठ वाजता मी फोन करते. सुमनची खबर तुम्ही द्यालच, ती पाच मिनिटांत देऊन टाका. उरलेला वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

– तुमची ताई